समुपदेशक व्हायचं आहे: पदव्युत्तर अभ्यासक्रम निवडताना नेमकं काय बघायचं?

वळीव

नमस्कार मंडळी. बारा वर्षं शाळेत गणित शिकवतेय. तास संपला की एखाददुसरं मूल रेंगाळतं, वही आवरायला उगाच वेळ लावतं आणि मग बोलतं. हळूहळू पालकही यायला लागले. गेल्या वर्षी एका आईनं गळ घातली, "तुम्ही सांगा ना याच्या वडिलांना, तुमचं ऐकतील." मी फोन केला, चांगलं अर्धा तास बोलले. दुसऱ्या दिवसापासून तो मुलगा माझ्या टेबलाजवळ थांबेनासा झाला. काय बिघडलं ते अंधुक कळतं, पण तेव्हा काय करायला हवं होतं ते आजही सांगता येणार नाही. म्हणून रीतसर शिकायचं ठरवलंय. वय ३९.

मानसिक आरोग्य समुपदेशन आणि कुटुंब समुपदेशन यांत फरक काय? माहितीपत्रकं सगळी सारखीच वाटतात: तेच विषय, त्याच हसऱ्या चेहऱ्यांचे फोटो. निवड कशावरून करायची? आणि मनातला प्रश्न: मला पटकन रडू येतं. असं माणूस या कामाला चालतं का?

अनुस्वार

वाचते आहे. माझाही हाच प्रश्न, फक्त वय ४४.

कातरवेळ

वळीव, मी सतरा वर्षं कुटुंब समुपदेशन करते, त्यातली आठ वर्षं शिकाऊ समुपदेशकांची सुपरव्हिजनही, म्हणजे क्लायंटबरोबरची त्यांची सत्रं ऐकून-पाहून मार्गदर्शन. प्रतिसाद लांबणार आहे.

आधी तो फोन. त्याला आमच्याकडे त्रिकोणात ओढलं जाणं म्हणतात. दोघांमधला ताण दोघांना पेलवेनासा झाला की तिसऱ्याला आत घेतलं जातं, आणि काही काळ दोघांनाही हलकं वाटतं. आई तुमच्याकडे आली, तुम्ही वडिलांकडे गेलात, आणि मुलाला दिसलं की त्याची हक्काची जागा आता एका पक्षात जाऊन बसली. मरे बोवेन या मानसोपचारतज्ज्ञानं विसाव्या शतकाच्या मध्यात ही मांडणी केली. तुम्ही वाईट वागला नाहीत. चांगल्या मनाची माणसंच सगळ्यात लवकर ओढली जातात.

आता फरक. खोलीत किती माणसं बसली आहेत यावर तो ठरत नाही, मी एकट्या माणसाबरोबरही कुटुंब समुपदेशनच करते. प्रश्न कुठे शोधायचा यावर तो ठरतो. समजा झोप उडालेली सोळा वर्षांची मुलगी आली. मानसिक आरोग्याच्या शाखेत तुम्हाला नैराश्य, चिंता, आघात, व्यसन, आत्महत्येचा धोका हे सगळं तपासायला पक्कं शिकवतील, निदानाचे निकष शिकवतील, मानसोपचारतज्ज्ञाकडे कधी पाठवायचं ते शिकवतील. कुटुंबाच्या शाखेत हे असतंच, पण वर एक प्रश्न येतो: ती जागी असते तेव्हा घरात आणखी कोण जागं असतं? कधी कळतं की आई-वडिलांचं भांडण रात्री सुरू होतं आणि मुलगी पहाऱ्यावर असते. अशा वेळी तिला एकटीला झोपेचे नियम शिकवून भागत नाही.

कुठली शाखा घ्यावी हे तुमच्या ओढीवर सोडते. तुमच्या लिखाणात मूल, आई, वडील तिघेही एकदम आले, म्हणून मला तुमचा कल कुटुंबाच्या शाखेकडे वाटतो. पण शाखेपेक्षा एक गोष्ट मी कितीतरी वर ठेवते. प्रत्येक ठिकाणी फोन करून एवढंच विचारा: माझी सत्रं कोण ऐकणार, आणि किती वेळा?

सिद्धांत वाचून येतो. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या चांगल्या समुपदेशनाच्या अटी, म्हणजे समानुभूती, बिनशर्त स्वीकार आणि समुपदेशकाचा आतबाहेर सारखेपणा, एका दुपारी पाठ होतात. त्या तुमच्या आवाजात उतरल्या की नाहीत हे मात्र दुसऱ्या कुणीतरी ऐकल्याशिवाय कळत नाही. हे रॉजर्सनाही माहीत होतं. ओहायो स्टेट विद्यापीठात १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला ते आणि त्यांचे विद्यार्थी सत्रं तबकड्यांवर ध्वनिमुद्रित करत. एका तबकडीवर मोजकी मिनिटंच मावायची, म्हणून सत्र चालू असताना तबकड्या बदलत बसावं लागे. एवढा खटाटोप का, तर समुपदेशकाची आठवण भरवशाची नसते. आपण खोलीत काय बोललो याचं आपल्याला आठवणारं रूप नेहमी जरा जास्त शहाणं असतं.

तासांचा अंदाज म्हणून दोन उदाहरणं देते. अमेरिकेत समुपदेशनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या केक्रेप या संस्थेच्या निकषांनुसार आधी १०० तासांचा प्रॅक्टिकम (देखरेखीखालचा पहिला सराव), त्यातले किमान ४० तास प्रत्यक्ष क्लायंटबरोबर. मग ६०० तासांची इंटर्नशिप, त्यात २४० तास प्रत्यक्ष. या काळात दर आठवड्याला सुपरव्हिजन. ब्रिटनमध्ये बीएसीपी या संघटनेची मान्यता असलेल्या अभ्यासक्रमात किमान १०० तास सुपरव्हिजनखालचं काम लागतं. देशागणिक आकडे बदलतात, पण ज्या पदवीत प्रत्यक्ष क्लायंटचे तास जवळपास शून्य आहेत ती पदवी वेगळ्या कामाची आहे. आणि पदवी म्हणजे परवाना नव्हे. अमेरिकेत पदवीनंतरही देखरेखीखाली बरेच तास भरून, परीक्षा देऊन मगच स्वतंत्र काम करता येतं. तुम्हाला जिथे काम करायचं आहे तिथली नियामक संस्था ही पदवी धरते का, हे प्रवेशाआधी लेखी विचारून घ्या.

शब्दवेल

कातरवेळ, "माझी सत्रं कोण ऐकणार" या तुमच्या प्रश्नाला अनुमोदन. मी दुसऱ्या वर्षाला आहे. हा धागा दोन वर्षांपूर्वी हवा होता.

आमच्याकडे महिन्यातून दोन सत्रांचं रेकॉर्डिंग द्यावं लागतं, अर्थात क्लायंटची लेखी संमती घेऊन. त्यातल्या एकाची वीस मिनिटं अक्षरशः शब्द न शब्द उतरवून काढायची. हुंकार, अडखळणं, शांतता, सगळं. शांततेचे सेकंद कंसात. पहिल्यांदा मी हे केलं तेव्हा पहिल्या दहा मिनिटांत मी चौदा प्रश्न विचारले होते. चौदा! आणि मला आठवत होतं की मी "खूप ऐकून घेतलं".

क्लायंटबद्दल इथे काही लिहिणार नाही, माझ्याच वाक्यांबद्दल लिहिते. एका जागी त्या थांबल्या. मी कंसात लिहिलं: ४ सेकंद. त्यानंतर माझा आवाज, एकदम उजळ: "पण घरच्यांचा आधार आहे ना तुम्हाला?" सुपरवायझरांनी रेकॉर्डिंग तिथेच थांबवलं. मला वाटलं आता चूक दाखवतील. त्यांनी विचारलं, "हे बोलायच्या आधीच्या चार सेकंदांत तुम्हाला काय झालं?" मी म्हटलं, काही नाही. त्यांनी मागे नेऊन पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा ऐकताना मला आठवलं की माझे खांदे वर चढले होते आणि मनात एकच होतं, या आता रडतील. तो आधाराचा प्रश्न मी माझ्यासाठी विचारला होता.

नंतर त्यांनी सांगितलं की ही पद्धत नॉर्मन कॅगन यांची, १९६० च्या दशकात मिशिगन स्टेट विद्यापीठात तयार झालेली. मूळ पद्धतीत थांबवायचं बटण शिकणाऱ्याच्या हातात देतात आणि "तेव्हा आत काय चाललं होतं" एवढंच विचारत राहतात. बरोबर-चूक काढत नाहीत. माझ्यापुरतं सांगते, वर्षभराच्या व्याख्यानांनी झालं नाही ते त्या पाऊण तासात झालं.

अजून एक, मराठीत काम करणाऱ्यांसाठी. पुस्तकं इंग्रजी, म्हणून आपण मनातल्या मनात भाषांतर करत बसतो आणि फसतो. "तुम्हाला काय वाटतं?" हा आपला हमखास प्रश्न. पण मराठीत 'वाटणं' मतालाही आणि भावनेलाही. मी भावना विचारते आणि समोरून मत येतं: "मला वाटतं त्यांनी असं करायला नको होतं." हे शब्दांकनात सात वेळा सापडलं. आता मी "तेव्हा आत काय होत होतं?" असं विचारते, किंवा "हे सांगताना आत्ता कसं होतंय?" लोक मग छातीवर हात ठेवतात, "इथे धस्स होतं" म्हणतात. आपल्या भाषेत धस्स होणं, कालवाकालव, जीव टांगणीला लागणं, कासावीस होणं असं किती काही आहे. त्या सगळ्यावर 'चिंता' असा एकच शिक्का मारून टाकायची मला घाई असायची.

कातरवेळ

शब्दवेल, फार नेमकं लिहिलंत. यात एक भर: जोडप्याशी बोलताना एकाला "तुम्ही" आणि दुसरीला "तू" तोंडातून गेलं की बाजू ठरली, मग पुढे कितीही तटस्थ बोला. माझ्याकडच्या शिकाऊंच्या रेकॉर्डिंगमध्ये हे मी सर्वांत आधी ऐकते.

दूरचा_दिवा

जरा वेगळा अनुभव. मी असा अभ्यासक्रम दीड वर्षानंतर सोडला. संस्थेचं नाव लिहीत नाही.

वेळापत्रकात सुपरव्हिजन होती. प्रत्यक्षात आम्ही बावीस जण एका खोलीत, आठवड्याला एक तास, आणि ज्याला काही "अडचण" असेल त्यानं हात वर करायचा. रेकॉर्डिंग नाही, एकतर्फी काचेआडून कुणी सत्र बघणं नाही. मी तीन महिने एका व्यक्तीला भेटत होतो आणि मला वाटत होतं सगळं छान चाललंय, कारण त्या व्यक्ती दर वेळी आभार मानून जायच्या. मग त्या यायच्या बंद झाल्या. खूप नंतर आडून समजलं की त्या काळात त्यांची तब्येत ढासळतच गेली होती. मी वर्गात हात वर केला नव्हता, कारण मला अडचण दिसतच नव्हती.

मी स्वतःला बराच काळ नालायक समजत होतो. आता वाटतं, मला कुणी बघायलाच हवं होतं. वळीव, प्रवेश घेण्याआधी एका सुपरवायझरमागे किती विद्यार्थी, हेही विचारा. मी विचारलं नव्हतं.

कातरवेळ

दूरचा_दिवा, वाचून वाईट वाटलं. हे इथे लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार.

तुम्ही म्हणता ते एकट्या तुमच्याबाबत घडलेलं नाही. मानसोपचाराचे परिणाम मोजणाऱ्या अभ्यासांत प्रौढांपैकी साधारण ५ ते १० टक्के लोक उपचार चालू असताना उलट खालावतात असं दिसत आलंय, आणि मायकेल लॅम्बर्ट यांच्या गटानं दाखवलं की हे कोण असतील ते उपचारकांना आपल्या अंदाजानं फार कमी वेळा ओळखता येतं. मुरलेल्यांनाही. म्हणून काही ठिकाणी दर सत्राआधी क्लायंटकडून दोन मिनिटांची छोटी प्रश्नावली भरून घेतात. आभार मानणारा माणूस कागदावर खरं लिहून जातो.

हात वर न करण्याचं म्हणाल तर निकोलस लॅडनी आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये शिकाऊ उपचारकांची पाहणी प्रसिद्ध केली. सुपरवायझरपासून काहीतरी लपवलं असं सांगणारे होते ९७ टक्के. मी हा आकडा दर नव्या तुकडीला पहिल्याच दिवशी सांगते आणि म्हणते, माझ्याबद्दलची तक्रारही त्यात आली. तरीही लपवतात. म्हणून नुसत्या तोंडी सांगण्यावर चालणारी सुपरव्हिजन मला अपुरी वाटते. प्रत्यक्ष ऐकलं किंवा पाहिलंच पाहिजे.

कुटुंब समुपदेशनाची शाखा यात पहिल्यापासून पुढे आहे, आणि मला तिचा अभिमान आहे. १९७० च्या सुमारास फिलाडेल्फियात साल्वादोर मिनुचिन आणि जे हेली यांनी वस्तीतल्या, उच्च पदव्या नसलेल्या माणसांना कुटुंबांबरोबर काम करायला शिकवलं. कसं, तर सुपरवायझर एकतर्फी काचेमागे बसून सत्र चालू असतानाच मदत करायचे. नंतर १९८५ मध्ये नॉर्वेतल्या त्रोम्सो इथे टॉम आंदर्सन आणि सहकाऱ्यांनी एक पाऊल पुढे टाकलं. सत्र अडलं तेव्हा त्यांनी काचेची बाजूच पालटली. आता कुटुंब आणि त्यांचा समुपदेशक ऐकत होते, आणि काचेमागची मंडळी उजेडात बसून त्यांच्याबद्दल त्यांच्यासमोर बोलत होती. मी शिकत असताना हे केलंय. कुटुंब ऐकतंय म्हटल्यावर "ही आई फार नियंत्रण ठेवते" हे वाक्य ओठांवरून परत जातं. त्याऐवजी तोंडून येतं, "त्या एवढ्या सावध का राहत असतील, असा मला प्रश्न पडला."

अनुस्वार

कातरवेळ, म्हणजे काचेमागून कुणी सांगतं आणि समुपदेशक तसं करतो? क्लायंटला विचित्र नाही वाटत?

कातरवेळ

आधी सगळं सांगून, संमती घेऊनच करतात. पहिली पाच मिनिटं अवघडलेपण, मग विसरतात. माझ्या तिसऱ्या की चौथ्या सत्रात खोलीतला फोन वाजला. पलीकडून फक्त एवढंच: "मुलीला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर कोण देतंय?" मी फोन ठेवला आणि पाहिलं. आई देत होती, प्रत्येक वेळी, आणि मुलगी आईच्या ओठांकडे बघत होती. मी आईला विनंती केली की त्यांनी माझ्या शेजारी बसावं, म्हणजे दोघी मिळून ऐकू. खुर्ची सरकली, आणि मुलगी त्या दिवशी पहिल्यांदा सलग तीन वाक्यं बोलली. (प्रसंग ओळख पटू नये इतका बदलून लिहिला आहे.)

वळीव

सगळ्यांचे मनापासून आभार. दूरचा_दिवा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

माझा तो तिसरा प्रश्न राहिलाच. परवा शाळेत एक मुलगी आजोबांबद्दल सांगत होती आणि माझेच डोळे भरले. अभ्यासक्रमात यावर काही करतात का, की हे ज्याचं त्यानं घरी निस्तरायचं?

शब्दवेल

करतात! पहिल्या सेमिस्टरमध्येच आम्हाला स्वतःच्या घराचा जेनोग्राम, म्हणजे नात्यांचा नकाशा, काढायला लावला. तीन पिढ्या, पुरुषाला चौकोन, स्त्रीला वर्तुळ, भांडणाला नागमोडी रेघ, फार गुंतलेल्या नात्याला तिहेरी रेघ. मला वाटलं तासाभराचं काम. मी तीन आठवडे लावले, कारण एका वर्तुळाशी मला कुठलीच रेघ काढता येईना. एक आत्या, जिच्याबद्दल घरात कुणी बोलतच नाही. मी वडिलांना फोन करून विचारलं. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "घरी आलीस की सांगतो." सांगितलं त्यांनी.

तेव्हापासून माझ्या लक्षात आलं की सत्रात कुणी अवघड विषयाच्या कडेला आलं की मी विषय बदलते. आमच्या घरची पद्धतच ती.

कातरवेळ

बोवेन शिकाऊंना हेच करायला लावत, आधी आपल्या घरी जा म्हणत. १९६७ मध्ये त्यांनी व्यावसायिकांच्या परिषदेत स्वतःच्याच कुटुंबात केलेल्या कामाची मांडणी केली होती. तेव्हा ती मोठी धाडसाची गोष्ट होती.

वळीव, डोळे भरण्याची काळजी करू नका. मी शिकाऊंमध्ये ते दोष म्हणून कधी लिहिलेलं नाही. मी एवढंच बघते की तुमचे डोळे भरल्यावर त्या मुलीनं तुम्हाला सावरायला सुरुवात केली का. तिनं "जाऊ दे मॅडम, आता ठीक आहे" म्हटलं असेल तर त्या क्षणी तिची जागा तुम्ही घेतलीत. तसं झालं नसेल तर तिला फक्त कळलं की समोरच्या माणसापर्यंत पोचलं. दोन्हींतला फरक सुपरव्हिजनमध्ये उलगडतो, एकट्यानं नाही. बऱ्याच अभ्यासक्रमांत शिकाऊंनी स्वतः समुपदेशन घ्यावं असा आग्रह असतो, काही ठिकाणी ते सक्तीचं असतं. सक्ती नसली तरी घ्या.

आणखी एक विचारून ठेवा: आत्महत्येच्या धोक्याबद्दल आणि गोपनीयतेच्या मर्यादांबद्दल पहिल्या क्लायंटच्या *आधी* शिकवतात की नंतर. "जीव द्यावासा वाटतो का?" हे थेट विचारल्यानं कुणाच्या डोक्यात तो विचार पेरला जात नाही, हे संशोधनानं वारंवार दाखवलंय. पण ते शब्द सहज तोंडातून निघायला सराव लागतो. मी शिकाऊंना ते एकमेकांना मोठ्यानं विचारायला लावते, पुन्हा पुन्हा, आवाज खाली जायचा थांबेपर्यंत. आणि जिथे कुणाचा जीव धोक्यात आहे तिथे गोपनीयता कुठे संपते, हे क्लायंटला पहिल्याच भेटीत सांगायचं असतं, प्रसंग उभा राहिल्यावर नव्हे.

दूरचा_दिवा

हे आम्हाला दुसऱ्या वर्षी होतं. क्लायंट पहिल्या वर्षापासून.

वळीव

काल दोन विभागांना फोन केले. एका ठिकाणी म्हणाले, माहितीपत्रकात सगळं आहे. दुसऱ्या ठिकाणी फोनवरच्या बाईंनी "थांबा हं" म्हणून थेट एका प्राध्यापकांना जोडून दिलं. ते म्हणाले एका सुपरवायझरमागे सहा विद्यार्थी, दर आठवड्याला, आणि रेकॉर्डिंगशिवाय गुण नाहीत. मग त्यांनीच विचारलं, "हा प्रश्न तुम्हाला कुणी सुचवला?" मी सांगितलं. तिथला अर्ज भरायला घेतलाय, कुटुंब समुपदेशनाचा.

आणि त्या आजोबांच्या मुलीनं मला सावरलं नव्हतं, कातरवेळ. ती पुढे बोलत राहिली होती.

शब्दवेल, त्या चार सेकंदांनंतरच्या भेटींचं काय झालं? सांगण्यासारखं असेल तरच.

शब्दवेल

त्यांच्या बाजूचं सांगणार नाही, माझ्या बाजूचं सांगते. पुढच्या भेटीत तीच जागा परत आली. मी पायाचा अंगठा चपलेत दाबून धरला, सुपरवायझरांनीच सुचवलं होतं, लक्ष जमिनीवर राहावं म्हणून. काहीच बोलले नाही. शब्दांकनात कंसात १९ सेकंद आहेत. रेकॉर्डिंगवर त्या वेळात फक्त पंख्याचा आवाज येतो, आणि मग त्यांचा.